सात गाठींची बारव

एका राज्यात सुरू सगळं होई, पुरं काही होत नसे. देऊळ बांधायला घेतलं की पाया भरे, भिंती उभ्या राहत. मग कुणी म्हणे सभामंडपही होऊ द्या, कुणी म्हणे दीपमाळ हवी, आणि कळस कायमचा राहून जाई. बाळासाठी अंगडं शिवायला घेतलं की अंगड्याला झालर, झालरीला घुंगरू, घुंगरांना रेशमाचा गोफ असं होत होत बाळाला मिसरूड फुटे. लोकांना याची सवय झाली होती. "आमच्याकडे असंच असतं," असं ते पाहुण्याला सांगत आणि अर्धा कच्चा भात वाढत.

राजाचं नाव महीधर. राजा वाईट नव्हता. हसतमुख होता, दानी होता, प्रजेचं भलं चिंतत होता. त्याच्या तळघरात सोन्यानं भरलेले सात हंडे होते. संध्याकाळी रिकामा केलेला हंडा सकाळी पुन्हा काठोकाठ भरलेला सापडे. त्यामुळे 'पुरे' हा शब्द राजाच्या तोंडून कधी निघाला नव्हता. निघायचं कारणच पडलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी राजानं नगराबाहेर बारव खोदायला घेतली होती. बारव म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जावं अशी दगडी विहीर. खोदकाम झालं, झऱ्याचा ओलावा लागला, आणि राजा म्हणाला, "हातासरशी वर एक सज्जा काढा." सज्जा झाला तर खाली बाग हवी. बाग झाली तर मोराच्या आकाराची खिडकी हवी. सज्ज्याच्या भारानं काठ ढासळला, दगडमाती तळाशी पडली, झरा गाडला गेला. बारवेला सतरा खिडक्या झाल्या, पाणी घोटभर नाही. बायका तीन कोसांवरच्या नदीवरून डोईवर हंडे आणत आणि येता-जाता त्या खिडक्यांकडे बघत.

या बारवेचे दोन मुख्य गवंडी दगड झाले होते. बोलता बोलता झाले. तिसरा कोंडाजी. मागच्या अक्षय्यतृतीयेला राजा त्याला म्हणाला, "कोंडाजी, आता एवढं केलंच आहे तर चारी कोपऱ्यांत चार हत्ती घडवा." कोंडाजी हातातली थापी सावरत "जी महा" एवढं बोलला आणि तिथंच दगड झाला. पायापासून पागोट्यापर्यंत काळाभोर.

त्याची बायको भिवरा. वशाची, व्रताची बाई. रोज सकाळी ती बारवेवर येई, पदरानं त्याचा चेहरा पुशी, पायाशी एक फूल ठेवी. कोंडाजीच्या दगडी डोळ्यातून रोज सकाळी पाण्याचा एक थेंब येत असे. पहिल्या दोघांच्याही डोळ्यांतून येत असे. वर्ष भरलं त्या दिवशी त्यांचा थेंब आटला, मग ते नुसते दगड उरले. हे भिवरानं डोळ्यांनी पाहिलं होतं. फाल्गुन लागला तशी ती दिवस मोजू लागली.

एक दिवस तिनं पदराला भाकरी बांधली आणि ती डोंगराकडे निघाली. डोंगरावर अंबरभट मांत्रिक राहतो आणि सगळं त्याच्याच शापानं झालं आहे, असं म्हातारी माणसं म्हणत.

वाटेत बेहड्याचं एक जुनं झाड होतं. त्याच्या ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून बंद केलेलं, मधे एक उभी फट. फटीतून चोच बाहेर आली. आत धनेशाची मादी अंड्यांवर बसली होती.

भिवराचा जीव कळवळला. ती म्हणाली, "अगं बाई, अशा अंधारात कशी गं राहतेस? थांब, फट जरा मोठी करून देते. वारा येईल."

"हात लावू नकोस," धनेशीण म्हणाली. "फट माझ्या चोचीएवढी आहे. माझा धनी उंबर आणतो, ते त्यातून आत येतं. याहून मोठी केलीस तर वारा येईल, आणि वाऱ्यामागून सापही येईल."

"मी तर भल्यासाठीच म्हणत होते."

"साप सोडून बाकी सगळे भल्यासाठीच म्हणतात," पक्षीण म्हणाली आणि चोच आत घेतली.

भिवरा तशीच उभी राहिली. तिला आपली व्रतं आठवली. पाच वाती म्हणून बसायचं, मग अकरा लावायच्या, मग एकवीस, आणि शेवटी तेल संपून आरतीच्या वेळी समई विझायची. कोंडाजी हसून म्हणायचा, "देवानं मागितलं होतं का गं?" तिनं पक्षिणीला हात जोडले आणि ती डोंगर चढू लागली.

अंबरभट झोपडीबाहेर बसला होता. दाढी जमिनीला टेकलेली, डोळे कोरडे. भिवरानं वाकून नमस्कार केला.

"गवंड्याची बायको," तो म्हणाला. "तुझ्याआधी दोघी येऊन गेल्या. दोघी रडल्या. तूही रडणार?"

"रडून झालंय बाबा. विचारायला आलेय. शाप का दिलात?"

मांत्रिकाला हे कुणी विचारलं नव्हतं. तो सांगू लागला. "तुझ्या राजानं मला बोलावलं होतं. कोरड्या जमिनीत एक झरा आण म्हणाला. माझी आई अंथरुणावर होती. मी म्हटलं, एक झरा, तीन दिवस. झरा आणला. म्हणाला, हातासरशी कमळंही फुलवा. फुलवली. म्हणाला, आता एवढं केलंच आहे तर हंस आणा. हंस आणले. तीन दिवसांचे तीन महिने झाले. घरी आलो तर चूल थंड होती." तो थांबला. "मग मी म्हटलं, राजा, तुझं सोनं कधी संपणार नाही आणि तुझं काम कधी पुरं होणार नाही. लोकांना पहिलं वरदान वाटतं आणि दुसरा शाप. दोन्ही शापच आहेत."

"आणि जे तुमच्यासारखे राबले तेच दगड झाले की हो बाबा."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "काम पुरं होऊ नये म्हणून शापानं कामकरीच दगड केले. शब्द सुटला, परत घेता येत नाही. मोडता येतो, तो ऐक. जेवढं बोललं तेवढंच काम पुरं व्हावं. बोटभर कमी नको, बोटभर जास्त नको. आणि पुरं झाल्यावर राजानं आपणहून 'पुरे' म्हणावं. तू त्याला ते शिकवायचं नाहीस. मागून घेतलेल्या शब्दानं शाप उतरत नाही."

"आणखी?"

"तिघं तुझ्याकडे काहीतरी वाढवून मागायला येतील. एकाला नाही म्हणायचं, एकाला पुढं म्हणायचं, एकाला हो म्हणायचं. कुणाला काय ते तूच ओळखायचं. जेवढी ढळशील तेवढी दगड होशील."

त्यानं आपल्या जानव्यातून एक सूत काढून तिला दिलं. बरोबर मनगटाभोवती बसेल एवढं.

पाडव्याच्या सकाळी भिवरा राजवाड्यात गेली. दारावरचे हसले, पण राजानं तिला आत बोलावलं, कारण राजा कुणालाच नाही म्हणत नसे.

"महाराज, बारव मी पुरी करते," ती म्हणाली. "अक्षय्यतृतीयेपर्यंत. गवंडी तुमचे, राबणं आमचं. पण आधी पाटावर बसा, वसा घ्यावा लागेल."

राजाला गंमत वाटली. तो पाटावर बसला. तिनं त्याच्या उजव्या तळहातावर पळीनं पाणी घातलं.

"सांगा महाराज, बारव कशासाठी?"

"बारव म्हणजे राज्याची शोभा. सज्ज्यात मोर बसतील, खिडक्यांतून..."

"पाणी सांडतंय महाराज. बारव कशासाठी?"

राजानं तळहाताकडे पाहिलं. "पाण्यासाठी," तो म्हणाला.

"कुणाच्या?"

"बायकांच्या. तीन कोस जातात बिचाऱ्या."

"मग त्यासाठी जे लागेल त्याची एकेक गाठ मी या सुतात मारते. सूत मनगटाएवढं आहे. सात गाठी मारल्या तर जेमतेम बांधता येतं. आठवी मारली तर सूत अपुरं पडतं."

पहिली गाठ तळातला राडारोडा उपसण्याची. दुसरी झऱ्याचं तोंड मोकळं करण्याची. तिसरी ढासळलेला काठ बांधून घेण्याची. चौथी गाठ सत्तावीस पायऱ्यांची, पाचवी मधल्या टप्प्याची, जिथं हंडा टेकून दम खाता येईल. सहावी जलदेवता आसरांच्या कोनाड्याची.

"आणि सातवी माझी," राजा म्हणाला. "दारात गजलक्ष्मीची कमान. तिच्यावर माझं नाव."

भिवरानं सातवी गाठ मारली. "आता काय करायचं नाही तेही म्हणा. उपासाला काय खायचं ते सांगतात, तसं काय खायचं नाही तेही आधीच सांगतात. सज्जा वाढवायचा नाही. बाग नाही. हत्ती नाहीत. नवी खिडकी नाही."

"आधीच्या खिडक्या पाडायच्या?"

"तेही या वशात नाही महाराज. असू द्यात त्या. आणि या गाठींत काही बदलायचं झालं तर पुन्हा याच पाटावर, पुन्हा हातावर पाणी. तोंडानं सांगितलेलं चालणार नाही. तुम्ही सांगितलेलंसुद्धा."

राजसभेत कुजबुज झाली. पण राजानं उदक सोडलं, आणि भिवरानं सूत मनगटाला बांधलं.

बारवेवर आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते कुंपणाचं. बांबूचे तट्टे चहूकडून उभे केले, चिखलानं लिंपले, मागं कामकऱ्यांपुरतं एक दार आणि पुढं एक उभी फट ठेवली. फटीच्या आत स्वतः बसली. गवंड्यांना सांगितलं, "बाहेरून कुणी काहीही सांगो, ते या फटीतून माझ्याकडे येईल. तुमच्या कानी पडलं तरी तुम्ही ऐकलेलं नाही."

"राजेसाहेब आले तर?" एका गवंड्यानं विचारलं.

"त्यांचीही चोच याच फटीतून."

गवंडी पोट धरून हसले, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा एकाच कामाला लागले. आठ दिवसांत राडारोडा निघाला. झऱ्याच्या तोंडावरची शिळा हलवली तेव्हा खालून हुंकार आला आणि पाण्याची बोटभर धार वर आली. चंद्र वाढावा तसं पाणी रोज थोडं वाढू लागलं. संध्याकाळी भिवरा दगडी कोंडाजीच्या शेजारी बसून त्याला दिवसाचं काम सांगे. सकाळी त्याच्या डोळ्यातला थेंब बघे. थेंब रोज लहान होत होता.

पहिला आला सेनापती प्रतापभान. मिशा फटीत मावेनात, म्हणून तो तिरका उभा राहिला.

"बाई, पायऱ्या घडवताच आहात तर हातासरशी चौपट रुंद घडवा. माझे हत्ती उतरतील. राज्याच्या रक्षणाचा प्रश्न आहे."

एवढा मोठा माणूस, तोंडावर नाही कसं म्हणायचं? सवयीनं भिवराच्या तोंडून गेलं, "बघते हं."

तिच्या डाव्या पायाचा अंगठा दगड झाला.

तिनं खाली पाहिलं, अंगठ्यावर नख आपटून पाहिलं. टक्क वाजलं. बघते म्हणजे हो नव्हे, नाही नव्हे आणि पुढंही नव्हे. तशा बोलण्यानंच या राज्याचं असं झालं होतं.

"नाही सरकार," ती म्हणाली. "मघाशी बघते म्हणाले, ते चुकलं. हत्ती नदीवर आजवर पाणी प्यायले, यापुढंही पितील. हत्ती बारवेत उतरला तर हंडेवाल्या बायकांनी कुठं सरकायचं?"

"माझ्या तोंडावर नाही म्हणणारी तू कोण?"

"या वशापुरती मी फट आहे सरकार. हत्ती मावत नाही."

आतून कुणीतरी फिस्सकन हसलं. सेनापती पाय आपटत गेला. पण दुसऱ्या दिवशी त्याचा माहूत गुपचूप येऊन म्हणाला, "बरं केलंत बाई. पायऱ्या उतरायला हत्ती घाबरतात, आणि मार आम्ही खातो."

दुसरी आली राणी कनकप्रभा. ती हुकूम सोडायला आली नव्हती. चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, तर वाटल्या डाळीची वाटी, पन्ह्याचा गडू आणि ओटीचं सामान घेऊन स्वतः पायी आली. तिनं फटीतून हात आत घालून भिवराला हळदकुंकू लावलं. भिवराचे डोळे भरून आले.

राणी म्हणाली, "भिवरा, मला एक मागायचंय. बारवेच्या काठी एक ओसरी हवी. पाणी भरून झालं की बायका बसतील, गाणी म्हणतील. मी पण येईन. वाड्यात माझ्याशी सगळे हात जोडून बोलतात, गप्पा कुणी मारत नाही."

मागणं खोटं नव्हतं. भिवराला ओसरी डोळ्यांपुढं दिसायलाही लागली. पण ओसरी नसली म्हणून कुणाचा हंडा रिकामा राहणार नव्हता, आणि तिच्या मनगटावर सूत घट्ट होतं.

"राणीसाहेब, ओसरी होईल. या वशात नाही, पुढच्या वशात."

राणी ओशाळं हसली. "वाड्यात 'पुढं' म्हणजे कधीच नाही, असं असतं."

"माझ्या घरी पुढं म्हणजे उद्यापनाच्या दुसऱ्या दिवशी," भिवरा म्हणाली. तिनं ओटीच्या खणाचं एक सूत ओढून काढलं, त्याला एक गाठ मारली आणि ते फटीशेजारच्या खुंटीला राणीच्या देखत टांगलं. "हे तुमचं. यातलं मागणं दुसऱ्या कुणाला कळणार नाही, आणि सूत मला विसरू देणार नाही."

राणीनं त्या सुताला बोट लावलं. मग दोघींनी फटीच्या दोन बाजूंना बसून डाळ खाल्ली.

दिवस गेले. काठ बांधून झाला, पायऱ्या बसल्या, टप्पा झाला. भिवराला आता नाही म्हणायची सवय झाली होती. फटीशी पाऊल वाजलं की तिच्या जिभेवर नकार आधीच तयार असे. अक्षय्यतृतीयेला पाच दिवस उरले होते. फक्त कोनाडा आणि कमान राहिली होती. कमानीचा दगड नावासकट घडून तयार होता.

तेव्हा तिसरी आली. ताई कुंभारीण, नव्वदीची, डोळ्यांना धुरकट दिसणारी. तिनं फट हातानं चाचपली.

"पोरी, आत आहेस का गं?"

"आहे आजी. पण नवीन काही मागू नका हं. सात गाठी झाल्यात."

"मागत नाही बाई. सांगते. पायऱ्या छान झाल्यात, पण उभ्या आहेत. उतरताना धरायला काही नाही. भरला हंडा डोईवर, पायाखाली शेवाळ येणार. मी तर पडेनच, माझं काय, माझे दिवस भरलेत. पण पोटुशा बायका येतील. एका अंगाला कठडा असता तर..."

"नाही" म्हणायला भिवरानं तोंड उघडलं आणि तिचं पाऊल जड झालं. अंगठ्यापासून घोट्यापर्यंत दगड चढला. तिनं तो शब्द तसाच गिळला.

ती उठली. एका हंड्यात पाणी भरलं, डोईवर घेतलं, डोळे मिटले आणि पायऱ्या उतरू लागली. सातव्या पायरीवर दगडी पाऊल घसरलं. हंडा गडगडत तळाशी गेला. ती पडता पडता वाचली, आणि काहीतरी धरायला तिनं जो हात टाकला होता तो हवेतच राहिला.

बारव बायकांच्या पाण्यासाठी, असं राजानं हातावर पाणी घेऊन म्हटलं होतं. जिथं बाई पडते ती बारव पुरी कशी?

ती लंगडत राजवाड्यात गेली.

"महाराज, पाट मांडा."

"काम थांबलं?" राजा घाबरला.

"एक गाठ बदलायची आहे. कठडा हवा. सुतात जागा नाही, दिवसही पाचच आहेत. कठड्याची गाठ मारायची तर दुसरी एक सोडावी लागेल." तिनं मनगट पुढं केलं. "राडा उपसून झाला, झरा मोकळा झाला, काठ, पायऱ्या, टप्पा झाला. कोनाडा सोडला तर जलदेवता रुसतील. उरली सातवी."

"माझी कमान?"

"हो महाराज."

"दोन्ही करा की! सोनं लागेल तेवढं घ्या!" राजा म्हणाला, आणि त्याच वेळी तळघरातून आवाज आला. सातही हंडे एकदम घुमत होते. "अजून... अजून..." राजवाड्यातले लोक रोज तो आवाज ऐकत आणि त्याला वारा म्हणत.

"सोन्यानं दिवस वाढत नाहीत महाराज. मी हे परस्पर करू शकत नाही, आणि तुम्हाला करायलाही लावू शकत नाही. वसा तुमचा आहे."

राजानं तिच्या दगडी पावलाकडे पाहिलं. मग बोलला, "बारा वर्षांत मी त्या पायऱ्यांवर पाय ठेवलेला नाही. वरूनच बघत आलो. चल."

तो बारवेवर आला. भिवरानं त्याच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर भरला हंडा. राजा तीन पायऱ्या उतरला. चौथीवर त्याचा हात आपोआप कठडा शोधू लागला. तो तिथंच थांबला. कपाळावर घाम आणि हंड्यातलं पाणी एक झालं.

"पळी कुठंय?" त्यानं तिथूनच विचारलं.

पायरीवरच बसून त्यानं हातावर पाणी घेतलं आणि म्हणाला, "सातवी गाठ सोड. कठड्याची मार." आणि उदक सोडलं. तळघरातला आवाज त्या दिवशी पहिल्यांदा थांबला. कमानीचा दगड आडवा कापून गवंड्यांनी त्याचाच कठडा घडवला. राजाचं नाव आतल्या अंगाला गेलं, तिथं कुणाला वाचता येणार नव्हतं, पण उतरणाऱ्या बाईच्या बोटांना ते लागणार होतं.

अक्षय्यतृतीया उजाडली. कोंडाजीच्या डोळ्यात त्या सकाळी थेंब आला तो गालावर उतरलाच नाही. पापणीच्या काठावर मोहरीएवढा लटकून राहिला.

कठड्याचा शेवटचा दगड पहाटेच बसला होता. गवंडी हातपाय धूत होते. भिवरा एकटीच पाण्यालगतच्या पायरीवर उभी होती, आणि तिला चार-पाच घडीव दगड उरलेले दिसले. तिच्या मनात आलं, किती छान झालं सगळं. दिवस उभा आहे. उरल्या दगडांत एक छोटंसं तुळशीवृंदावन होईल. देवाचंच तर आहे. माझ्या हातचं, आमच्या ह्यांच्यासाठी.

तिनं थापी उचलली. दगड घोट्यावरून सरसर चढला आणि गुडघ्याला भिडला.

साप सोडून बाकी सगळे भल्यासाठीच म्हणतात. बेहड्याच्या ढोलीतली चोच तिला आठवली. मागायला येणाऱ्या तिघांना तिनं फटीपाशी थांबवलं होतं, पण ती स्वतः तर फटीच्या आतच होती. तिनं हात जोडले. "देवी, तू मागितलं नव्हतंस," ती म्हणाली आणि थापी खाली ठेवली.

मग कुंपण काढलं. सगळं नगर जमलं. भिवरा पाय ओढत वर आली आणि तिनं मनगटावरचं सूत सोडून हातात धरलं. तिनं ताई कुंभारणीला पुढं बोलावलं.

"आजी, झालं की नाही ते मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

म्हातारी कठडा धरून सत्तावीस पायऱ्या उतरली. मधल्या टप्प्यावर टेकली, कोनाड्यात आसरांना हळदकुंकू वाहिलं, तांब्या भरला आणि धापा टाकत, हसत, एकटी वर आली. प्रत्येक कामाशी ती "झालं" म्हणे आणि भिवरा एक गाठ सोडी. सातवी सुटली. सूत सरळ झालं.

सगळ्यांनी राजाकडे पाहिलं. भिवरानं मात्र कोंडाजीच्या पापणीकडे पाहिलं. थेंब आता खसखशीएवढा होता. तिला काही बोलायची मुभा नव्हती.

राजाचा चेहरा आनंदानं फुलला होता. "वा!" तो म्हणाला. "आता एवढं केलंच आहे तर..."

लोकांनी श्वास रोखला. थेंब थरथरला.

"महाराज, आधी पाणी प्या. मग बोला," ताई कुंभारीण म्हणाली. वयानं ती कुणालाही दटावू शकत होती. "ओंजळ करा."

राजानं ओंजळ केली. म्हातारीनं तांब्यातून पाणी ओतलं. राजा प्यायला. गार, गोड पाणी. बारा वर्षं त्यानं ज्याचं नाव घेतलं होतं ते आज पहिल्यांदा त्याच्या घशातून उतरत होतं. म्हातारीनं दुसरी ओंजळ भरली. तीही प्यायला. तिनं आग्रहानं तिसरी ओतायला घेतली.

"अजून घ्या की महाराज."

राजानं दोन्ही हात आडवे केले. "पुरे आजी. पोट भरलं. पुरे."

आणि तो थबकला. कधी न चाखलेलं फळ चाखावं तसा तो शब्द त्याच्या जिभेवर राहिला. त्यानं पायऱ्यांकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं, रिकाम्या दाराकडे पाहिलं जिथं कमान नव्हती. मग शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बारवही पुरी झाली. एवढंच हवं होतं. पुरे."

राजवाड्याच्या तळघरात सात हंड्यांमधलं सोनं नदीचे गोटे झालं. नगरातल्या देवळांवर कळस चढले. घराघरांत चुलीवरचा भात शिजला. डोंगरावर अंबरभटाच्या थंड चुलीत विस्तव दिसला, आणि म्हातारा त्यापुढं बसून पहिल्यांदा रडला. बेहड्यावरच्या धनेशिणीचे दिवस भरले होते, तिनं आतून भिंत फोडली आणि ती पिलांसकट उजेडात आली.

कोंडाजीचा थेंब गालावर उतरला, पाठोपाठ दुसरा, आणि काळ्या दगडाचा सावळा माणूस झाला.

"...राज," त्यानं वर्षापूर्वीचा शब्द पुरा केला. "चार हत्ती ना? घडवतो की."

"अहो, हत्ती नाहीत," भिवरा म्हणाली. तिचा पाय मोकळा झाला होता. "झाली बारव."

"झाली? पुरी?" कोंडाजी काठावरून वाकला. खाली पाणी चमकत होतं. "आणि दाराला कमान नाही ती?"

"सोडली."

"बरं केलंस," तो हळूच म्हणाला. "कमान मला कधीच नीट जमली नाही."

बारव पाणी देऊ लागली. आधीचे दोन गवंडी दगडच राहिले, त्यांचं वर्ष उलटून गेलं होतं. बायकांनी त्यांना दाराच्या दोन बाजूंना उभं केलं. पाणी भरायच्या आधी त्या पहिली ओंजळ त्यांच्या पायांवर घालतात.

आणि उद्यापनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भिवरानं खुंटीवरचं खणाचं सूत काढलं आणि राणीसाहेबांना निरोप धाडला, पाट मांडा म्हणून.

भिवराच्या सातही गाठी वेळेवर सुटल्या, तशा ऐकणाऱ्यांच्या सुटोत, ज्याच्या हाती जे आहे ते त्याच्या हातून पुरं होवो. कहाणी सांगायची ठरली होती ती एवढीच. ती इथं पुरी झाली.